वाडा पडतो कशाने?



शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावात पांढऱ्या मातीच्या भिंतींचा, माळवदाचा एखादा जुना वाडा दिसला, की मोठी माणसं म्हणतात, “फार जुना झालाय, आज ना उद्या पडायचाच!” पण खरं सांगू? वाडा नुसत्या वयाने पडत नाही. त्याचे खरे शत्रू दोन : साठलेलं पाणी आणि चुकीची डागडुजी.

पूर्वी पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकून ती चोपत असत. पन्हळीतला पालापाचोळा काढत. घर बंद पडलं, की हे काम थांबतं. पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत मुरतं, तुळया कुजतात. पाखरांनी टाकलेल्या बीतून पिंपळ उगवतो. वीतभर आहे तोवर तो उपटता येतो. पण एकदा का मुळं सांध्यात शिरली, की ती दगडसुद्धा सरकवतात.

मग कुणीतरी म्हणतं, “सिमेंटचा गिलावा करून टाका!” सिमेंट काही वाईट नाही बरं का. नव्या बांधकामाला ते छानच. पण मातीची भिंत ओल शोषते आणि हवा लागली की ती सोडूनही देते. वरून सिमेंट थापलं, की आतली ओल आतच कोंडते. भिंत बाहेरून गुळगुळीत दिसते आणि आतून पोखरली जाते. म्हणून मातीला माती आणि चुन्याला चुनाच लावावा.

चुन्याची गंमत माहीत आहे ना? चुनखडी भट्टीत भाजली, की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून, वाळू घालून घाणीत मळायचा. भिंतीला लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडीच होतो! शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर घातली, की ती दुधाळ होते ना, तीच ही क्रिया.

याच शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून तिथे अनेक वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, शंभराहून अधिक घरं सापडली. पण घरं म्हणजे काय? चोपलेल्या जमिनी, चुली आणि खांब रोवलेले खड्डे. भिंती नि छपरं केव्हाच मातीला मिळाली होती. तिथे कोण कसं राहत होतं, हे संशोधकांना त्या खड्ड्यांवरून ताडावं लागलं. आपला वाडा मात्र अजून उभा आहे. त्यात राहिलेली माणसंही आपल्याला सांगायला आहेत.

वाडा टिकवायचा, म्हणजे कुलूप लावून ठेवायचा असं नाही. पुण्याचा विश्रामबागवाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो राहण्यासाठी बांधला. 1821 साली तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. 1879 मध्ये त्याला आग लागली. जळालेला भाग पुन्हा बांधला. पुढे तिथे नगरपालिकेची कचेरीही होती. ज्या वास्तूत माणसांची ये-जा असते, तिचं गळणारं छप्पर लगेच कुणाच्या तरी डोक्यावर गळतं! मग दुरुस्ती होतेच.

तुम्ही म्हणाल, पैसे कुठून आणायचे? खरंय, वाटण्या झालेल्या वाड्याचा खर्च एका घराला झेपत नाही. सगळेच वाडे वाचणार नाहीत. पण एखादा सोपा वाचनालयाला, एखादी खोली बालवाडीला देता येईल का, हे गावाने मिळून ठरवता येतं.

आणि तुम्ही काय कराल? घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या. पडक्या भिंतीजवळ एकटे मुळीच जाऊ नका. चौक, ओसरी, देवघर, बळद कुठे होतं ते आजी-आजोबांना विचारा आणि वहीत नकाशा काढा. पन्हळ तुंबली असेल, पिंपळ उगवला असेल, तर या पावसाळ्याआधीच मोठ्यांना सांगा.

उद्या तो वाडा नसलाच, तरी तुमच्या वहीत तो असेल. खड्ड्यांवरून ताडायची वेळ तरी कुणावर येणार नाही!