एवढेच मासे?

आमच्या हॉलमध्ये चार फुटी टँक आहे. खाऱ्या पाण्याचा. त्यात मासे चार. घरी कुणी पहिल्यांदा आलं की दोन मिनिटं ‘वॉव’ होतं, मोबाइल बाहेर निघतात, फोटो होतात आणि मग हमखास प्रश्न येतो, ‘एवढेच?’ जणू जेवायला बोलावून मी पाहुण्यांच्या ताटात अर्धीच पोळी वाढली आहे. एका काकांनी तर थेट सल्लाच दिला. वास्तूच्या दृष्टीनं नऊ हवेत, आठ सोनेरी आणि एक काळा. काकांचे ते सोनेरी म्हणजे गोल्डफिश, पक्के गोड्या पाण्यातले. माझ्या टँकमध्ये सोडले, तर वास्तुदोष जायच्या आधी तेच जातील.

पण ‘किती?’ हा प्रश्न मात्र एकदम करेक्ट आहे. मरीन टँक घेणाऱ्या प्रत्येकानं तो दुकानात शिरण्याआधी विचारायला हवा. लाइट कुठले, फिल्टर कुठला, मागचं पोस्टर निळं की काळं, यावर लोक महिना घालवतात आणि मासे मात्र भाजीसारखे निवडतात. हा द्या, तो द्या, अजून एक टाका वर.

आमच्या ऑफिसमधल्या एका मित्रानं नुकताच नवा फ्लॅट घेतला. इंटीरियरवाल्यानं टीव्हीशेजारी माझ्यासारखाच चार फुटी टँक बसवून दिला. लंच टाइमला साहेबांनी माझ्यापुढे लिस्ट ठेवली. पंधरा मासे! दोन नेमो, एक डोरी (लेकीची फर्माईश), एक लायनफिश (स्वतःची फर्माईश), सहा निळे डॅम्सेल (स्वस्त मिळतात म्हणून) आणि उरलेले पाच ‘तिथे जे छान दिसतील ते’.

आता जरा हिशेब करू या. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक म्हणजे कागदावर साधारण 255 लिटर. त्यातून वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करा. खरं पाणी उरतं 200 लिटरच्या आसपास. खाऱ्या पाण्यासाठी शौकिनांमध्ये एक जुना ठोकताळा आहे, दर पाच गॅलनला, म्हणजे सुमारे 19 लिटरला, एक इंच मासा. मासा मोजायचा तो दुकानातल्या पिल्लाच्या मापानं नाही, पूर्ण वाढल्यावर होणाऱ्या मापानं. म्हणजे या टँकमध्ये सगळे मिळून जेमतेम दहा-साडेदहा इंच. नेमोची जोडी पाच-सहा इंच घेते. डोरी एकटी मोठेपणी फूटभर होते, लायनफिश त्याहूनही मोठा. यादीतल्या पहिल्या चारांतच हिशेब तिपटीवर गेला, डॅम्सेल अजून रांगेतच आहेत.

हा ठोकताळा म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. मासा लांबीनं दुप्पट झाला की वजनानं जवळपास आठपट होतो, आणि घाण वजनाच्या हिशेबानं होते. त्यामुळे एक इंचाचे आठ मासे आणि आठ इंचांचा एक मासा हे गणित कधीच सारखं नसतं. माझे चार मिळून अकरा इंचांच्या आसपास जातात. दोन क्लाउनफिश, एक फायरफिश, एक बोटाएवढा गोबी. शेवटचे दोघं काडीसारखे आहेत आणि स्किमर दणकट आहे, म्हणून चालवून घेतो. ठोकताळ्याचा उपयोग ब्रेकसारखा. दुकानात हात पाकिटाकडे गेला की आठवायचा.

गोड्या पाण्यात मासे खुशाल जास्त ठेवता येतात, मग इथेच कंजूषपणा का? एक तर खाऱ्या पाण्यात ऑक्सिजनच कमी मावतो, त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचवा हिस्सा कमी. पाणी तापलं की आणखी कमी. मे महिन्यातली मुंबई डोळ्यांपुढे आणा. दुसरं कारण अमोनिया. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून तो तयार होतो. दगडांवर आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे जातात. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो आणि तिथे अमोनियाचा जास्त विषारी हिस्सा वाढतो. म्हणजे गोड्या पाण्यात कदाचित निभावलं असतं ते इथे निभत नाही. त्यात लाइट गेली की पंप बंद. चार मासे बॅटरीच्या एअरपंपावर काही तास काढतील. पंधरा मासे असतील तर बाईक काढून जनरेटर शोधत फिरा.

आणि जागेचा प्रश्न निराळाच. आपण लोकलवाले. तिघांच्या बाकावर चौथी सीट मागायची आणि मिळवायची सवय. प्रवाळांतल्या माशांना ही चौथी सीट कळत नाही. डॅम्सेल दोन-तीन इंचांचा, दिसायला गोजिरवाणा, पण एक कपार आपली मानली की तिच्या आसपास फिरकणाऱ्याचे पर ओरबाडतो. सहा सोडले तर मारामाऱ्या होत होत शेवटी एक-दोन दादा उरण्याचीच शक्यता जास्त. म्हणून भांडखोर गडी घ्यायचाच असेल तर एकच, आणि तोही सगळ्यांत शेवटी. लायनफिशचा मामला त्याहून सरळ आहे. तोंडात मावेल तो मासा त्याचं जेवण. नेमो आणि तो एका टँकमध्ये म्हणजे पाळीव प्राणी नाही, डबा झाला.

मला खरी चिड येते ती ‘मेला तर दुसरा आणू’ या वाक्याची. खाऱ्या पाण्याच्या माशांच्या बहुतेक जाती आजही थेट समुद्रातून पकडलेल्या येतात. फिलिपिन्स-इंडोनेशियाच्या काही भागांत त्यांना गुंगी आणायला सायनाइड फवारल्याचे प्रकार वर्षानुवर्षं गाजलेले आहेत. टाकीत डोरीची पैदास करणं फ्लोरिडातल्या संशोधकांना पहिल्यांदा जमलं तेही 2016 साली. त्यामुळे दुकानातली डोरी बहुधा कुठल्या तरी प्रवाळावरून उचललेलीच असणार. क्लाउनफिशचं तसं नाही. त्याची पैदास आपल्याकडेही होते, अगदी नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातसुद्धा त्याची हॅचरी उभी राहिली. दुकानदाराला एवढं विचाराच, की हा हॅचरीचा की समुद्रातला? उत्तर देताना तो कुठे बघतो, त्यावरून बरंच कळतं. आणि कुणी हळूच आत नेऊन समुद्रघोडा किंवा जिवंत प्रवाळ दाखवला, तर तिथून सरळ बाहेर पडा. समुद्रघोडे आणि खडक बांधणारे प्रवाळ 2001 साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. वाघाच्या रांगेत.

आणखी एक हिशेब कुणीच करत नाही, तो तुमच्या रविवारचा. माझ्या टँकचं दहा टक्के पाणी बदलायचं म्हणजे वीस लिटर. एक मोठी बादली, आरओचं पाणी, सुमारे पाऊण किलो समुद्री मीठ, अर्धा-पाऊण तास. चार माशांना हे पुरतं. पंधरा माशांना आठवड्यातून दोन-तीनदा लागेल, आणि अप्रेझलच्या महिन्यात कोण करणार? ज्या आठवड्यात तुम्ही रोज दहाला घरी येता, त्या आठवड्यात जेवढे मासे सांभाळू शकाल, तेवढेच घ्या.

‘पण टँक रिकामा दिसतो ना!’ नाही दिसत. माझा गोबी एका पिस्तुली कोळंबीबरोबर राहतो. तिला जवळपास दिसतच नाही. ती दिवसभर बीळ खणते, हा दारात पहारा देतो आणि तिची एक मिशी कायम त्याच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की हा शेपूट हलवतो, दोघं आत गुडूप. रात्री हॉलमध्ये ‘टक्’ असा आवाज आला तर ती बाईसाहेबांच्या पंज्याची चुटकी. सोबत थोडे गोगलगाय-शंख आणि एक-दोन क्लीनर कोळंब्या. यांची घाण नगण्य, उलट उरलंसुरलं हेच संपवतात. केबल नसलं तरी चालेल एवढी करमणूक आहे.

मित्राच्या यादीतून लायनफिश गेला, डॅम्सेल गेले, डोरी गेली. शेवटच्या एक्झिटवर बाप-लेकीत दोन दिवस अबोला होता म्हणे. सहा आठवडे टँक नुसता पाण्यानं भरलेला होता, बायको सगळ्यांना ‘आमचा शोकेस’ म्हणून दाखवायची. मग हॅचरीतली क्लाउनची जोडी आली. तिसऱ्या माशासाठी अजून महिनाभर थांबा म्हटलंय. लेकीला पिवळा हवाय. पिवळा टँग आठ इंचांचा होतो, म्हणून मी पिवळा क्लाउन गोबी सुचवला, तो पूर्ण वाढून जेमतेम दीड इंच. बाप म्हणतो, एवढासा दिसणार कसा? लेक म्हणते, मी रोज शोधीन.