बायपासवरची पांढरी गाडी

मागच्या महिन्यात एका मंगळवारी रात्री साडेदहाच्या सुमारास आपल्या गावातल्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच फोटो फिरत होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, काहींनी पुढेही पाठवला असेल. बायपासवर बंद रसवंतीच्या शेजारी उभी असलेली पांढरी मोठी गाडी, काचांना पडदे, आत मिणमिणता उजेड. खाली ओळ : "संध्याकाळपासून उभी आहे. एमएच १५ पासिंग. पोरंबाळं सांभाळा."

पावणेअकराला मला फोन आला, "पत्रकार, या लवकर, बातमी आहे." गेलो. वीस-पंचवीस पोरं, मोटारसायकलींचे लाइट गाडीवर रोखलेले, एक जण पत्र्यावर थापा मारत होता. मी पुढे होऊन दार वाजवलं. दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी, हात जोडूनच. मागे गाऊनवर ओढणी घेतलेल्या काकू. कुणाच्या तरी टॉर्चचा झोत आत गेला आणि पडला तो छोट्याशा देव्हाऱ्यावर. त्याच्या खाली कुकर, कुकरशेजारी निवडायला घेतलेली मेथी. मागून कुणी तरी फिस्सकन हसलं आणि गर्दी सैल झाली. पाच मिनिटांत अर्धी पोरं गायब.

बातमी मी केली नाही, पण त्या रात्री झोपही आली नाही. १ जुलै २०१८ ची तारीख अनेक जण विसरले असतील. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं होतं. ती माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी भटकणारी आणि बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. तिथेही सुरुवात व्हॉट्सॲपवरच्या अफवेनेच झाली होती. आपल्याकडे देव्हारा दिसला म्हणून हसू फुटलं. देव्हारा नसता तर? गाडीऐवजी पाल असतं तर? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते मला आवडत नाही.

तर हे काका-काकू नाशिककडचे. काका बँकेतून रिटायर, मुलगी लग्न होऊन परगावी. त्यांनी जुनी ट्रॅव्हलर घेऊन आतून घर करून घेतलं : दोघांपुरता पलंग, गॅसची शेगडी, शंभर लिटरची पाण्याची टाकी, छोटा फ्रिज, पडद्याआड संडास. कागदोपत्री सगळं रीतसर, आरसी बुकवर तशी नोंद. मूळ गाडीत मनाला येईल तसा बदल करायला कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, त्यामुळे काकांनी ती फाइल हाताशीच ठेवलेली. वर्षातले पाच-सहा महिने ते रस्त्यावर असतात. आता भिगवणला उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला निघाले होते. मग बायपासवर का थांबले? कारण लाइट गेली होती. गावातली नाही, गाडीतली.

खरं सांगतो, मलाही आधी हे श्रीमंतांचे चोचले वाटले. मग कळलं की काकूंना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्रभर नाकाला सीपॅप मशीन लावावं लागतं. ते चालतं गाडीच्या छतावरच्या सोलरवर भरलेल्या बॅटरीवर. आठवडाभर ते मशीन पहाटे दोन-अडीचला बंद पडत होतं. मग काका उठायचे आणि इंजिन चालू करून बसायचे. मंगळवारी संध्याकाळीच बॅटरीने मान टाकली, म्हणून गावाजवळ थांबले, सकाळी इलेक्ट्रिशियन शोधू म्हणून.

रात्री एका मित्राच्या लॉन्सच्या आवारात त्यांची गाडी लावली. सकाळी आपल्या सोलरवाल्या पोराला फोन केला. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आल्यापासून त्याच्यासारख्या पाच-सहा पोरांचे हात या कामात बसलेत. गाडीच्या टपावर मात्र तो पहिल्यांदाच चढला. पुढचा सगळा दिवस मी ऑफिस सोडून तिथेच बसून होतो, इतकं ते बघण्यासारखं होतं.

टपावर १०० वॅटच्या दोन जुन्या प्लेटा. त्यांच्या अगदी कडेला सामानाचं कॅरिअर. पोरगं म्हणालं, "काका, दुपारी तीननंतर या दांडीची सावली प्लेटवर पडते. दोन्ही प्लेटा सिरीजमध्ये आहेत, एकीवर पट्टाभर सावली पडली तरी दुसरीचंही काम बसतं." विहिरीवरच्या प्लेटांपुढचं बाभळीचं झाड शेतकऱ्याला तोडायला का लावतात, ते मला त्या दिवशी समजलं. आत दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, दीडशे एएचच्या, एकेक पन्नास-पंचावन्न किलोची. अशा बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते. रोज तळापर्यंत उपसली तर ती लवकर मरते, आणि काकांनी रोज उपसली होती. त्यात प्लेटांपासून बॅटरीपर्यंत घरातल्या बल्बला वापरावी तशी बारीक वायर. बारा व्होल्टला करंट जास्त वाहतो, बारीक वायरीत अर्धा जीव तिथेच जातो आणि वायर तापते ती वेगळीच. बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. पोरगं काही बोललं नाही, नुसती वायर हातात धरून काकांना दाखवली. ज्याने हे काम केलं होतं तो मोठ्या शहरातला आणि भरपूर पैसे घेणारा होता, एवढंच सांगतो.

मग काकूंनी वही काढली. रोज किती लागतं ते त्यांनी लिहून ठेवलं होतं, काकांनी नाही. फ्रिज दिवसाला साधारण अर्धा युनिट, मशीन पाव ते अर्धा, पंखा, दिवे, पाण्याची मोटर, मोबाइल धरून रोजचे सव्वा-दीड युनिट. जुन्या दोनशे वॅटमधून आपल्याकडच्या उन्हातही पाऊण युनिटच्या वर हाती लागत नव्हतं. जमाखर्च कधी जुळणारच नव्हता. २०० वॅटच्या दोन नव्या प्लेटा बसवल्या, टपापासून चार बोटं उंच, खालून वारा खेळावा म्हणून, कारण प्लेट तापली की वीज कमी देते. कॅरिअर मागे सरकवलं. कंट्रोलर एमपीपीटीचा घातला. पुण्याहून टेम्पोने लिथियम फॉस्फेटची दोनशे एएचची बॅटरी आली, अडीच युनिटांची, वजन जुन्या एका बॅटरीच्या निम्मंही नाही. कंट्रोलरची सेटिंग लिथियमची करून दिली, नाहीतर नवी बॅटरी जुन्या हिशेबाने भरत राहते. ढगाळ दिवसांसाठी गाडी चालताना चार्ज व्हावं म्हणून मधे एक डीसी चार्जर टाकला. थेट जोडलं तर लिथियम इतकी ओढते की इंजिनचा अल्टरनेटर तापून बसतो. एसीचं मात्र त्याने साफ नाही सांगितलं, "एवढ्याशा टपावर एसी चालत नाही, कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका."

मजुरीचे त्याने दीड हजार घेतले. काकांनी तीन देऊ केले होते.

एका रात्रीसाठी थांबलेली माणसं चार दिवस राहिली. लॉन्सच्या मालकाच्या आईची आणि काकूंची गट्टी जमली, शेंगाचटणीच्या बदल्यात मोहाच्या फुलांची कसली तरी वडी असा व्यवहार झाला. पत्र्यावर थापा मारणारा पोरगा दुसऱ्या दिवशी टपावर प्लेट धरायला उभा होता, आणि सीपॅप म्हणजे काय हे काकूंकडून समजून घेत होता. त्याच्या वडिलांना तोच त्रास आहे म्हणे. काका सांगत होते, त्यांच्यासारख्या फिरणाऱ्यांची ओळख अशीच होते. अडचणीच्या जागी. एका घाटात टायर गेला तेव्हा राजस्थानी ट्रक ड्रायव्हर दोन तास थांबला होता, आजही दिवाळीला त्याचा फोन येतो. पण अनोळखी गावात संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांचा रोजचा प्रश्न कुठला? बघायला काय आहे, हा नाही. आज रात्री गाडी कुठे लावायची, हा.

इथे माझा मुद्दा सुरू होतो. काकांना आपल्या गावाकडून काय हवं होतं? वीज नको, ती ते टपावर घेऊन फिरतात. हॉटेल नको. सावलीसुद्धा नको. सोलरवाल्याला भर उन्हातली जागा लागते आणि ती आपल्याकडे रग्गड आहे. हवा होता पाण्याचा नळ, संडासाची टाकी रिकामी करायला चेंबर, आणि 'इथे थांबायला परवानगी आहे' असं सांगणारी पाटी. या तीन गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी मिळाल्या नाहीत. स्टँडवरच्या पैसे घेणाऱ्या संडासात ती वीस लिटरची टाकी ओतू देत नव्हते. पेट्रोल पंपाने स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा मोफत द्यायची असते, पण गावाजवळच्या दोन पंपांवर गेलो तर एकीकडे संडासाला कुलूप, दुसरीकडे "पाणी नाही".

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन पार्क आहेत, गुंतवणूकदाराला सवलती आहेत. चांगलंच आहे. पण पर्यटनाचं खातं पार्क काढणार ते धरणाकाठी, डोंगराखाली, जिथे फोटो चांगले येतात. माणसाला रात्र होते ती आपल्यासारख्या गावात.

आणि रस्त्यावर राहणारे काका-काकू एकटे आहेत का? आपल्या बायपासवर रोज रात्री ट्रक उभे असतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण ड्रायव्हरने सकाळी जायचं कुठे? कारखान्याच्या रस्त्याला बीडकडच्या टोळ्यांच्या कोप्या पडल्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला उचल घेऊन आलेल्या बाया मार्च-एप्रिलपर्यंत उजाडायच्या आत उसात जातात, कारण नंतर आडोसा नसतो. तिथेही कोपीवर हातभर सोलर प्लेट दिसते, मोबाइलपुरती. काकांच्या टपावरून काढलेल्या दोन प्लेटा त्या पोराने मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीला जोडून एका टोळीला लावून दिल्या. आधी मोबाइल चार्जिंगचे टपरीवाल्याला दहा-दहा रुपये जात होते. उजेडाची सोय माणसं कशीबशी करून घेतात. संडासाची आणि पाण्याची सोय टपावर बांधून आणता येत नाही.

"पैसे कुठून आणायचे?" हे ऐकायची सवय झाली आहे. पण वारीच्या दिवसांत हेच गाव काय करतं, आठवा. दिंडीचा ट्रक म्हणजे तरी काय, राहुट्या, भांडी, गॅस, पाणी घेऊन चाललेलं घरच. त्यांच्यासाठी टँकर येतात, फिरती शौचालयं येतात, दिवे लागतात, डॉक्टर बसतो. दोन दिवस आपल्याला सगळं जमतं. वारकऱ्याला आपण कधी आधार कार्ड विचारलेलं नाही, कारण त्याला थांबायची जागा ठरलेली असते आणि ती सगळ्या गावाला माहीत असते. बायपासवरच्या गाडीचा संशय आला, कारण तिला उभं राहायला कुठलीच जागा ठरलेली नव्हती. तिथे एक दिवा आणि एक पाटी असती, तर तो फोटो कुणी काढलाच नसता.

ती जागा आहे, मंडळी. गावाच्या विकास आराखड्यात बायपासला लागून ट्रक टर्मिनससाठी आरक्षण आहे. आज तिथे काय आहे ते रोज येता-जाता दिसतं : वाळूचे ढीग, कुणाचे तरी जेसीबी आणि दर वाढदिवसाला नवे फ्लेक्स. मला तिथे सिमेंटचं टर्मिनस नको आहे, त्याचं टेंडर निघून दहा वर्षं जातील. चार दिवे, सोलरचे चालतील, पोरं आपल्याकडे आहेतच. बायका-पुरुषांसाठी वेगळे पाच-पाच संडास. नळ. टाक्या ओतायला चेंबर. एक रखवालदार, आणि त्याचा पगार निघेल इतकं ट्रककडून, कॅराव्हॅनकडून शुल्क. ऊसतोड टोळ्यांना फुकट.

एका नगरसेवकांना हे बोललो तर म्हणाले, "तुम्ही भटक्यांची सोय करायला निघालात, मतदान इथलं कोण करतं?" बरोबर आहे त्यांचं. ट्रकवाला इथे मत देत नाही, टोळीही नाही, काका-काकू तर भिगवण करून पुढे कर्नाटकात पोहोचलेत. परवा काकूंचा मेसेज आला, मशीन रात्रभर चालतंय. पण आपल्या गावातले किती जण ड्रायव्हर म्हणून बाहेर आहेत, मोजा एकदा. माझ्या गल्लीत चार आहेत. तेही आज रात्री कुणाच्या तरी बायपासवर उभे असतील.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा म्हणून अर्ज टाइप करून ठेवला आहे. आराखड्याच्या नकाशाची प्रतही काढून आणली आहे. सही करायची असेल त्यांनी सकाळी दहा ते एक ऑफिसला यावं. आणि ज्या तिघांनी त्या रात्री तो फोटो आधी टाकला, त्यांनीही यावं. रागावणार नाही, चहा पाजतो. तुमच्या सह्या पहिल्या हव्या आहेत.