सही आधी, वकील नंतर : सोलापूरच्या धंद्याची जुनी खोड

परवा रात्री साडेनऊला एक टॉवेल कारखानदार घरी आले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटा कारखाना, वडिलांपासूनचा. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत चौदा पानी इंग्रजी करार. उत्तरेतल्या एका कंपनीनं माल घेतलाय आणि पैसे अडकवलेत. बारा मागांपैकी पाच बंद आहेत, कामगारांची दोन हप्त्यांची मजुरी थकलीय.

"बातमी लावा साहेब. बदनामीच्या भीतीनं तरी देतील."

मी विचारलं, "सही करायच्या आधी हे कुणाला दाखवलं होतं?"

"ऑफिसातल्या पोरानं बघितलं. स्टँडर्ड फॉरमॅट आहे म्हणाला."

मित्रांनो, या 'स्टँडर्ड फॉरमॅट'नं सोलापूरचे जेवढे पैसे बुडवले तेवढे चोरांनी पण नेले नसतील. राग येईल काहींना. येऊ द्या. आज लिहिणारच.

त्या चौदा पानांत काय होतं ते सांगतो. पैसे १२० दिवसांनी. माल नापसंत ठरवायला खरेदीदाराला ९० दिवस, परत आणायचा खर्च आपल्या माणसाचा. वाद झाला तर लवाद नेमणार खरेदीदारच. आणि लवादाचं ठिकाण, कोर्ट, सगळं गुरुग्राम. म्हणजे सोलापुरात विणलेल्या टॉवेलचा न्याय हरियाणात, तोही समोरच्यानं निवडलेल्या माणसाकडून.

माणूस घरात तेलुगू बोलतो, कामगारांशी मराठी, सूत व्यापाऱ्याशी हिंदी. आणि सगळा जीव ज्यात अडकलाय तो कागद इंग्रजीत. पूर्व भागातल्या निम्म्या कारखान्यांची हीच कथा आहे. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे फलक आपण लावले. चादरीच्या नावाला संरक्षण आहे, चादर विणणाऱ्याच्या बिलाला नाही.

आता गंमत बघा. त्यातली अर्धी कलमं कायद्यासमोर टिकणारीच नाहीत.

२००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा काढून वाचा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर पैसे ठरल्या तारखेला, आणि ती तारीख काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढं नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. करारात १२० लिहिलं म्हणून कायदा १२० होत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही, तर माल स्वीकारला असं हा कायदा धरतो. आणि वाद सुविधा परिषदेकडं न्यायचा तर परिषद विकणाऱ्याच्या बाजूची, खरेदीदार देशात कुठंही असो. निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

खरेदीदारानंच एकतर्फी लवाद नेमायची पद्धतही सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये मोडीत काढली. २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते आणखी ठामपणे सांगितलं.

मग आमच्या कारखानदाराचं अडलं कुठं? 'उद्यम' नोंदणीवर. ती त्यांनी केली माल गेल्यानंतर, पैसे अडकल्यावर. २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नंतर नोंदणी केलेल्याला आधीच्या व्यवहारासाठी हे संरक्षण मागता येत नाही. पुढं वेगळा सूर निघाला, प्रश्न मोठ्या पीठाकडं गेला. पण त्यावर घर बांधता येत नाही. लवादाचं कलम उडवायला जावं लागणार पंजाब-हरियाणा हायकोर्टात, चंदीगडला.

आता जरा मागं जाऊ. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. सोलापूरसह सहा जिल्हे. कित्येक वर्षांची लढाई, वकिलांनी काम बंद ठेवलं, मोर्चे निघाले. मुंबईची खेप वाचली म्हणून आपण पेढे वाटले. बरोबरच केलं. पण त्याच आपल्या गावात लोक रोज असल्या कागदांवर सह्या करतायत जे त्यांना चंदीगडला नेऊन सोडतात. न्याय दारात आणायला एवढा झगडा, आणि एका सहीनं तो दीड हजार किलोमीटरवर पाठवायचा. याला काय म्हणायचं?

माझ्या तोंडून हे शोभतं का? नाही शोभत. पंधरा वर्षांपूर्वी मी आणि एका मित्रानं साप्ताहिक काढलं होतं. भागीदारी तोंडी. "आपल्यात कागद कशाला?" असं मीच म्हणालो होतो. बंद पडलं तेव्हा मशीनचे हप्ते माझ्याकडं, जाहिरातींची येणी त्याच्याकडं. वकिलाकडं गेलो तर ते म्हणाले, फर्म नोंदणीकृत नाही, मग दावा कशाच्या जोरावर करणार? १९३२ च्या भागीदारी कायद्यातलं ६९ वं कलम मला त्या दिवशी कळलं. बातमीदार असून. पैसे गेले ते गेले, मित्र पण गेला. कागद असता तर निदान मित्र राहिला असता.

म्हणून "धंदा विश्वासावर चालतो" हे वाक्य मला ऐकवू नका. चालतो, मान्य. पण विश्वास कशावर ठेवला होता हे दोन वर्षांनी दोघांनाही आठवत नाही. करार हा अविश्वास नव्हे, ती आठवण आहे.

दुसरं वाक्य : "वकील परवडत नाही." लाखोंचा माल उधारीवर पाठवायला परवडतं, आणि कागद वाचून घ्यायची फी परवडत नाही? मुलीचं लग्न ठरवताना आपण सात ठिकाणी चौकशी करतो. वर्षाची उलाढाल ज्यावर टांगली आहे तो कागद ऑफिसातल्या पोराला दाखवतो. नाहीतर मुद्रांक विक्रेत्याशेजारच्या टायपिस्टला, जो भाड्याच्या कराराचा मसुदा काढून त्यात 'घर' खोडून 'माल' घालतो. आता तर मोबाईलला सांगितलं की मोबाईल पण मसुदा देतो. देऊ दे. पण तुमच्या बाजूनं कोण वाचणार?

तिसरं : "मोठी कंपनी कलम बदलत नाही." विचारलंत कधी? सगळं नाही बदलणार. पण पैशांची मुदत, नापसंतीचे दिवस आणि कोर्टाचं गाव या तीन गोष्टींवर बोलता येतं. नाहीच ऐकलं, तरी आपण कशात पाय घालतोय हे तरी कळतं, आणि मग उधारी किती द्यायची ते ठरवता येतं.

आता वकील मंडळींना. रागावू नका. जिल्हा न्यायालयात तुमच्यासारखे कसलेले लोक आहेत. पण आपल्याकडची वकिली भांडण झाल्यावर सुरू होते. मसुदा तपासून देणं हे काम वाटतच नाही, फी किती ते कुणी सांगत नाही, म्हणून माणूस पायरी चढत नाही. अर्ध्या तासाचं वाचन, ठरलेली फी, मराठीत दोन पानांची टिपणी. एवढं केलंत तरी शेकडो दावे जन्मालाच येणार नाहीत.

आणि उद्योजकांच्या संघटना? सत्कार झाले, प्रदर्शनं झाली, पालकमंत्र्यांना निवेदनं झाली. आठवड्यातून एक दिवस करार तपासायला दोन वकील बसवता येत नाहीत? टॉवेल, चादर, युनिफॉर्म, जॉबवर्क यांच्या करारांचा एकेक मराठी-इंग्रजी नमुना करून सभासदांना देता येत नाही? वर्गणी कशाची घेता मग?

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात 'विधी सेवा' म्हणजे फक्त कोर्टातली केस नाही, कोणत्याही कायदेशीर बाबीवरचा सल्ला सुद्धा. आणि महिलांना हा हक्क उत्पन्न न बघता आहे. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांनाही. महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुणालाही. म्हणजे शेंगा चटणी, कडक भाकरी करून मॉलला पुरवणाऱ्या आमच्या बचत गटाच्या ताईंनी करार घेऊन जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणात जावं आणि म्हणावं, हे वाचून सांगा. हक्कानं. १५१०० या नंबरवर फोन करता येतो. प्राधिकरणानंही शिबिरात एकदा हा विषय घ्यावा.

तोवर तुम्ही एवढं करा. माल पाठवायच्या आधी उद्यम नोंदणी, आणि ती उत्पादक किंवा सेवा म्हणून; नुसत्या व्यापाऱ्याला ४५ दिवसांचं संरक्षण नाही. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. मुद्रांक योग्य लावा. आणि कळत नाही त्या पानावर सही करू नका. "उद्या देतो" म्हणायला शिका. एका दिवसात पळून जाणारी ऑर्डर पैसे घेऊनच पळणार होती.

त्या कारखानदाराला मी दुसऱ्या दिवशी एका वकिलांकडं घेऊन गेलो. त्यांनी चौदा पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "सहीच्या आधी आला असता तर वीस मिनिटांचं काम होतं."

आता किती वर्षांचं आहे, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही पण विचारलं नाही.

पटलं तर तुमच्या संघटनेच्या ग्रुपवर टाका. अध्यक्षांना आवडणार नाही, तरी टाका.