पाण्यातला दिवा बदलताना

मे महिन्याची सुट्टी. अलिबागजवळच्या बंगल्यात नातवंडे जमलेली. संध्याकाळी पोहण्याच्या तलावात उतरायची त्यांची घाई आणि नेमका पाण्याखालचा दिवा मिणमिणतो आहे. काचेच्या आत पाणीही साचलेले दिसते. ''बल्बच तर बदलायचाय, मी आत्ता बदलतो,'' असे म्हणत काका स्क्रूड्रायव्हर घेऊन निघतात. आजी मात्र त्यांना अडवतात, ''आधी मेन बंद कर आणि वायरमनला बोलाव. तोवर पोरं पाण्यात उतरणार नाहीत.''

आजींचेच बरोबर आहे. अंग ओले असले की विजेला होणारा त्वचेचा विरोध फार कमी होतो. पाण्यात झटका बसून स्नायू आखडले तर चांगला पोहणाराही बुडू शकतो आणि काठावरच्यांना कारणही कळत नाही.

म्हणूनच दिवा किती व्होल्टचा आहे, हे आधी पाहावे. जुन्या तलावांत काही दिवे 230 व्होल्टचे, तर काही ट्रान्सफॉर्मरवर चालणारे 12 व्होल्टचे असतात. दिवा 230 व्होल्टचा असेल तर नुसता बल्ब बदलू नये, सगळी जोडणीच 12 व्होल्टची करून घ्यावी. ट्रान्सफॉर्मर सुरक्षा प्रकारचा व तलावापासून दूर असावा. शिवाय 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि त्याचे 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून पाहावे.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, पण आपलेही लक्ष असावे. मेन बंद केल्यावर वीज खरोखर गेली आहे ना, हे त्याने तपासलेच पाहिजे. सहसा तलाव रिकामा करावा लागत नाही. दिव्यामागच्या कोनाड्यात केबलचे वेटोळे असते, त्यामुळे कडेचा स्क्रू काढला की दिवा काठावर घेता येतो. केबल कडक झाली असेल किंवा तडकली असेल तर दिवा केबलसकट बदलावा. पाण्याखाली केबलला जोड कधीही देऊ नये. रबरी गॅस्केट जुने वापरू नये, दर वेळी नवेच घालावे. बसवण्यापूर्वी बंद दिवा पाण्यात धरून पाहावा. बुडबुडे आले तर कुठेतरी फट आहे, असे समजावे. जुन्या पद्धतीचा दिवा पाण्याबाहेर पेटता ठेवू नये. तो पाण्यानेच थंड राहतो.

300 वॅटच्या जुन्या दिव्याच्या जागी साधारण 30 वॅटचा एलईडी दिवा बसवता येतो. रोज चार तास लावला तर महिन्याला 36 युनिटऐवजी साडेतीन-पावणेचार युनिटच जळतात. मात्र जुना ट्रान्सफॉर्मर त्याला चालतो का, हे आधी विचारून घ्यावे. काही इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरवर इतक्या कमी भाराचा दिवा लुकलुकतो.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, अगदी मुलांनाही, सांगून ठेवावी. पाण्यात मुंग्या आल्यासारखे वाटले किंवा शिडीला हात लावताच चुरचुरले, तर काठावरच्यांनी ताबडतोब मेन बंद करावा. मदतीसाठी पाण्यात उडी मारू नये. कोरडी लाकडी किंवा प्लॅस्टिकची काठी पुढे करावी.

एक संध्याकाळ पोहणे हुकले म्हणून मुले थोडी रुसतील. दुसऱ्या दिवशी तलाव उजळला की रुसवा आपोआप जाईल, आणि काठावर बसलेल्या आजीही निर्धास्त असतील.