‘नवीन’ म्हणजे नेमके काय?

पाचोऱ्यातला कापूस उत्पादक अनुदानाच्या निर्णयासाठी मोबाइलवर शासनाचे संकेतस्थळ उघडतो आणि कालचीच यादी पुन्हा वाचतो. काही पानांवर ‘नवीन’ हे चिन्ह लुकलुकते; पण तुम्ही काय वाचले, हे त्याला ठाऊक नसते. कधी कधी तर जुन्या सूचनेपुढेही ते लुकलुकतच राहते!

यावर उपाय आहे ‘युजरस्क्रिप्ट’. २००५ मध्ये फायरफॉक्ससाठी आलेल्या ‘ग्रीजमंकी’ने ही सोय रुळवली, आज अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्ये ‘टॅम्परमंकी’ चालते. शासन निर्णयांच्या यादीत प्रत्येक निर्णयाला सांकेतांक असतो. स्क्रिप्ट ते सांकेतांक तुमच्याच फोनमध्ये साठवते आणि पुढच्या भेटीत जो आधी नव्हता, ती ओळ पिवळी करते.

मात्र जुन्याच सूचनेत अर्जाची मुदत गुपचूप बदलली, तर ओळ पिवळी होणार नाही. शिवाय, परवानगी दिलेल्या पानावरचे सारे काही स्क्रिप्टला वाचता येते. ‘सर्व संकेतस्थळे’ अशी मुभा दिलीत, तर त्यात बँकेचे पानही आले. परवानगी एका पत्त्यापुरतीच ठेवा.

खरे तर ही खटपट वाचकाने का करावी? कोणती ओळ केव्हा आली आणि मुदत केव्हा बदलली, हे तारखेसह पानावरच दाखवणे विभागांना मुळीच अवघड नाही.