घर पाहावं विकून

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ असं आपण मराठीत म्हणतो. शेजारच्या काकू तीच गोष्ट ‘मने कट्टी नोडु, मदुवे माडी नोडु’ अशी कन्नडमध्ये सांगतात. दोन्ही भाषांतल्या शहाण्या माणसांना घर बांधणं अवघड वाटलं. पण घर विकण्याबद्दल अशी तोंडावर बसलेली म्हण मला दोन्हीकडे सापडत नाही. कारणही उघड आहे. त्या काळी माणूस घर एकदाच बांधायचा आणि त्याच घरातून त्याची अखेरची यात्रा निघायची. घर विकणं म्हणजे काहीतरी वाईट घडलं असंच लोक समजत.

आता तसं राहिलेलं नाही. जिना चढवत नाही, मुलं दुसऱ्या गावी नोकरीला लागली, बैठं घर सांभाळणं झेपत नाही, अशा साध्या कारणांनी कुटुंबं एक घर विकून दुसरं घेतात. आणि आयुष्यातला हा सगळ्यात मोठा व्यवहार बहुतेकजण एकदाच करत असल्यामुळे अनुभव येतो तो व्यवहार संपल्यावर.

माझी आक्का लग्न होऊन बडोद्याला गेली. शहराच्या उत्तरेला, फतेगंज ओलांडून छाणीकडे जाताना निजामपुरा लागतो. तिथं तिचं बैठं घर. बडोद्याचे लोक अशा घराला ‘टेनामेंट’ म्हणतात. दाजींनी ते 1994 साली नोकरीत असताना स्वतःच्या नावावर घेतलं. दाजी निवृत्त झाले, गच्चीची गळती दर पावसाळ्यात नवी जागा शोधू लागली, आणि 2025 मध्ये त्यांनी ते विकून जवळच लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. घरात चौघंजण: आक्का, दाजी, कॉलेजात शिकणारी भाची आणि ऐंशी ओलांडलेल्या आक्काच्या सासूबाई. त्या चौघांनी हा व्यवहार कसा केला ते मी फोनवरून ऐकत होते. त्यातलं बरंचसं आपल्याकडच्या कुटुंबांनाही उपयोगी पडेल म्हणून इथं मांडते.

बडोद्याला काय किंवा आपल्या भागाला काय, बचत शिकवावी लागत नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1908 मध्ये बडोद्यात बँक ऑफ बडोदा सुरू केली. उडुपीच्या ज्या बँकेचं पुढं सिंडिकेट बँक असं नाव झालं, तिनं 1928 मध्ये पिग्मी ठेव काढली. रोज दारात येऊन दोन-दोन आणे गोळा करण्याची ती पद्धत. ती बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण ‘पिग्मी’ हा शब्द आपल्या बाजारपेठेत अजून रोजचा आहे. सांगायचं ते हे, की आपल्याला थेंबाथेंबानं साठवायची सवय आहे. घराच्या व्यवहारात मात्र तीस वर्षांचे थेंब महिन्याभरात हातातून वाहून जातात. तिथं भाजीवाल्याशी करतो तशी घासाघीस फारशी कामाला येत नाही. तिथं लागतो तो क्रम. आधी काय, मग काय, आणि कोणत्या तारखेला.

आकडे सोपे करून सांगते. समजा जुनं घर 64 लाखांना गेलं आणि नवा फ्लॅट 56 लाखांचा आहे. वरवर पाहता 8 लाख उरले. प्रत्यक्षात गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क 4.9 टक्के, म्हणजे 2 लाख 74 हजार 400. नोंदणी फी 1 टक्का, म्हणजे 56 हजार. जुन्या घराच्या विक्रीची दलाली 1 टक्का धरली तर 64 हजार. आठातले जवळजवळ चार लाख इथंच गेले. अजून सामान हलवलेलं नाही, रंग लावलेला नाही, वास्तुशांतीचा नारळही फुटलेला नाही.

यापेक्षा मोठा आकडा आयकराचा. 2001 च्या आधी घेतलेल्या घराची 1 एप्रिल 2001 रोजीची किंमत हीच मूळ किंमत म्हणून धरता येते. ती 6 लाख धरली तर नफा झाला 58 लाख. जुलै 2024 मध्ये नियम बदलले. आता या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. मात्र 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घरासाठी महागाईची वजावट घेऊन 20 टक्के, या जुन्या पद्धतीशीही तुलना करता येते. या उदाहरणात 12.5 टक्क्यांची पद्धत स्वस्त पडते, तरी कर 7 लाख 25 हजार होतो. वर उपकर वेगळा.

तो वाचवण्याचा सरळ, कायदेशीर मार्ग आहे. विक्रीच्या आधी एक वर्ष ते विक्रीनंतर दोन वर्षं या काळात राहतं घर विकत घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्यात घातलेल्या रकमेइतका नफा करमुक्त होतो. पिढ्यानपिढ्या ही सवलत 54 व्या कलमाची म्हणून ओळखली गेली. 2025 च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, तरी सवलत आहेच. नवं घर शुल्क आणि नोंदणीसह 59 लाखांवर जातं, नफा 58 लाख, म्हणजे सगळा कर वाचला. आयकर विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत घर ठरलंच नाही, तर ती रक्कम बँकेत ‘कॅपिटल गेन्स’च्या खास खात्यात ठेवावी लागते. नुसती बचत खात्यात पडून राहिली तर सवलत हुकते.

इथं एक गंमत आहे, आणि ती फार महाग पडू शकते. गुजरातमध्ये घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर नोंदणी फी माफ होते. आक्काला मैत्रिणींनी सांगितलं, तुझ्या एकटीच्या नावावर घ्या, 56 हजार वाचतील. पण विकलेलं घर दाजींच्या नावावर. विकणारा एक आणि घेणारी दुसरी असं झालं तर आयकराची सवलत वादात सापडते, आणि न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. म्हणजे 56 हजारांसाठी सव्वासात लाखांची जोखीम. त्यांनी सी.ए.ला विचारून घर दोघांच्या नावावर घेतलं, दाजींचं नाव पहिलं, आणि फी भरली. आपल्याकडेही सल्ले असेच इकडून तिकडे फिरतात. चंदगडचा नातेवाईक सांगतो, स्त्रीच्या नावावर घ्या, एक टक्का सूट आहे. महाराष्ट्रात ती 2021 पासून आहे, खरं आहे. पण घर बेळगावात घ्यायचं तर नियम कर्नाटकाचे, आणि तिथं नोंदणी फी ऑगस्ट 2025 अखेरीस एक टक्क्यावरून दोन टक्के झाली आहे. ज्या राज्यात घर, त्या राज्याचा हिशेब.

भाषेचाही प्रश्न असतो, आणि आपल्या दुभाषी घरांना तो लगेच कळेल. आपण ज्याला साठेखत किंवा संचकारपत्र म्हणतो, ते गुजरातीत बानाखत. संचकार हा शब्द कन्नडमध्येही इसाराच्याच अर्थानं आहे. आपला रेडी रेकनर म्हणजे गुजरातची जंत्री आणि कर्नाटकचा मार्गसूची दर. आपली घरपट्टी तिकडं वेरो, आणि कन्नडमध्ये मने कंदाय. दाजी चाळीस वर्षं बडोद्यात राहून गुजराती फर्डं बोलतात, पण कायद्याच्या गुजरातीत लिहिलेला चार पानी कागद त्यांनाही जड गेला. भाचीचं शालेय शिक्षण गुजरातीतून. ती जेवणं झाल्यावर बानाखताचा मसुदा मोठ्यानं वाचत होती. वाचता वाचता म्हणाली, “पप्पा, यात साठ दिवसांत ताबा द्यायचा लिहिलंय. आपण कुठं जाणार?”

प्रश्न बरोबर होता. ते घेत होते तो फ्लॅट दुसऱ्या कुटुंबाकडून, आणि त्यांच्या मुलाची बारावीची परीक्षा संपल्याशिवाय ते निघणार नव्हते. मध्ये अडीच-तीन महिन्यांची फट होती. तेवढे दिवस भाड्याचं घर, अनामत रक्कम, दोनदा टेम्पो आणि ऐंशीपुढच्या माणसाची दोनदा उचलाउचल. दाजींनी घर घेणाऱ्यांना सरळ सांगितलं, आणि त्यांनीही साठाचे दीडशे दिवस मान्य केले, कारण त्यांचं कर्ज मंजूर व्हायलाही वेळ लागणारच होता. सही व्हायच्या आधी विचारलं म्हणून हे फुकटात झालं. सही झाल्यावर त्याच मागणीची किंमत मोजावी लागली असती. दस्तही मार्चऐवजी एप्रिलमध्ये केला. नवं आर्थिक वर्ष लागल्यामुळे विवरणपत्राची मुदत एक वर्षानं लांब गेली आणि घराची घाई करावी लागली नाही.

जुना फ्लॅट घेण्याचा आणखी एक फायदा झाला. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी लागतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर 1 टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा आधी कुणी राहिलेल्या फ्लॅटवर तो लागत नाही. 56 लाखांवर 2 लाख 80 हजार वाचले. शिवाय वस्ती पावसाळ्यात कशी असते ते शेजाऱ्यांना विचारता आलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं होतं. 2019 चा पूर पाहिलेल्या आपल्या माणसांना, पाणी कुठवर येतं हे आधी विचारा, असं वेगळं सांगायला नको.

‘थोडे वरचे रोख द्या, दस्त कमी रकमेचा करू’ हा सल्लाही मिळालाच. तो कुठल्या गावात मिळत नाही? मुद्रांक शुल्कात चार पैसे वाचतात हे खरं. पण घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. जंत्रीपेक्षा दहा टक्क्यांहून खाली दाखवलं तर फरकावर कर लागतो. आणि दस्तात न लिहिलेला पैसा नव्या घराच्या किमतीत धरला जात नाही, म्हणजे सवलतही कमी. 50 लाख आणि त्यावरच्या व्यवहारात घेणाऱ्यानं 1 टक्का कापून सरकारात भरायचा असतो. तो दाजींच्या हातातून 64 हजार कापला गेला, आणि त्यांनी स्वतः 56 हजार कापून भरले. कापलेला पैसा विवरणपत्र भरल्यावर परत मागता येतो, पण दस्ताच्या दिवशी तो हातात नसतो. वहीत तसं लिहून ठेवलेलं बरं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. नव्या फ्लॅटचा इसार साडेपाच लाख द्यायचा होता आणि जुन्या घराचे पैसे यायचे होते. घरात सहजी मोडण्यासारखी एकच ठेव होती, सासूबाईंची. दाजी म्हणाले, “आई, तीन महिन्यांचा प्रश्न आहे. परत टाकू.” सासूबाई म्हणाल्या, “टाकशील रे. पण ती ठेव दवाखान्याची आहे, घराची नाही.” एवढंच बोलून त्या जपमाळ घेऊन बसल्या.

आक्का मला फोनवर म्हणाली, थोडं वाईट वाटलं. आम्ही यांच्यासाठीच लिफ्टचं घर घेतोय ना! पण मग तिनं दाजींना म्हटलं, “अहो, आधी आपलं बानाखत होऊ दे, मग त्यांचं.” क्रम बदलला. जुन्या घराचा दहा टक्के इसार बँकेतून खात्यात आला, त्यातूनच नव्याचा दिला. मात्र घेणाऱ्यानं माघार घेतली तर काय, हे दोन्ही कागदांत स्पष्ट लिहून घेतलं, कारण दस्त होईपर्यंत इसार हा पूर्ण आपला पैसा नसतो. यात दोन आठवडे गेले. फ्लॅटवाल्यांनी थांबायचं कबूल केलं. ठेव जागेवर राहिली.

नव्या घरात सहा महिने नवं फर्निचर घ्यायचं नाही असंही त्यांनी ठरवलं. जुनं कपाट नव्या भिंतीला थोडं विजोड दिसतं. उरलेल्या साडेतीन-चार लाखांतले तीन लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत गेले. बैठ्या घराला नसलेला सोसायटीचा दरमहाचा मेंटेनन्स त्याच्या व्याजातून भागतो.

आपल्यापैकी कुणाच्या घरी असा विचार चालू असेल तर दलालाला फोन करण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसावं. येणारा पैसा, जाणारा पैसा आणि तारखा अशा तीन रकान्यांची वही करावी. कागद कन्नडमध्ये असेल तर कन्नड शाळेत शिकलेल्या नातवाला मोठ्यानं वाचायला सांगावं. त्याला कायदा कळत नसेल, पण ‘आपण कुठं जाणार’ हा प्रश्न त्यालाच आधी सुचेल. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या पैशाला हात लावायचा की नाही, हे त्या माणसाला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. मग बाकीचे आकडे.