वाहनाचें चलान : भरावें कीं भांडावें ?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या परिचयाच्या एका घरीं चहाच्या वेळीं जाण्याचा योग आला. घर जुन्या वळणाचें. दोघे भाऊ, त्यांच्या बायका, मुलें, आणि सर्वांच्या वर अठ्याहत्तर वर्षांचे, शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झालेले आजोबा. घरांतील मोटार आजोबांच्या नांवावर. त्यांनीं स्वतः मोटार चालविल्यास दहा वर्षें लोटलीं. परंतु त्या दिवशीं त्यांच्याच मोबाईलवर लोकअदालतीची नोटीस येऊन पडली होती. तीन चलानें थकलीं आहेत, तडजोड करावी, न केल्यास खटला दाखल होईल, असा तिचा आशय. "जन्मांत कधीं कोर्टाची पायरी चढलों नाहीं, आतां या वयांत आरोपी झालों," एवढेंच आजोबा म्हणाले, पण त्यांच्यापुढील चहा तसाच निवला.

घरांत तीन मतें पडलीं. थोरले चिरंजीव म्हणाले, "भरून टाकूं आणि मोकळे होऊं." धाकटे म्हणाले, "हल्लीं कोण भरतो ? थांबावें, पुढें सवलत मिळते." कायद्याचा अभ्यास करणारा नातू म्हणाला, "तिन्ही लढवूं." आम्हांस विचाराल तर हीं तिन्ही मतें सारखींच चुकीचीं होतीं, कारण चलानें कशाचीं आहेत हें तोंपर्यंत कोणींच पाहिलें नव्हतें !

चलान ही शिक्षा नव्हे, निकालही नव्हे. तो आरोप होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या २०० व्या कलमानें ठराविक अपराधांत सरकारनें नेमून दिलेली रक्कम भरून प्रकरण मिटविण्याची मुभा ठेविली आहे. ही रक्कम म्हणजे तडजोड शुल्क. तें भरलें कीं प्रकरण संपतें; पण ‘अपराध माझा नव्हता’ असें म्हणण्यास मग जागाही उरत नाहीं. शिवाय सर्वच अपराध असे मिटत नाहींत. मद्यपान करून वाहन चालविणाऱ्यास १८५ व्या कलमाखालीं न्यायालयापुढें उभें राहावेंच लागतें. पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

यास्तव भरण्यापूर्वीं आणि भांडण्यापूर्वींही पहिलें काम एकच : चलान उघडून नीट वाचणें. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलानाच्या संकेतस्थळावर वाहनाचा क्रमांक आणि चासीच्या किंवा इंजिनाच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक घातले असतां तारीख, वेळ, स्थळ, लाविलेलें कलम आणि छायाचित्र पाहावयास मिळतें. मात्र मोबाईलवर आलेल्या संदेशांतील दुव्यावर बोट ठेवूं नये. चलानाच्या नांवाखालीं लबाडीचे संदेश धाडून बँकेंतील पैसे लांबविणारे लोक आज पुष्कळ झाले आहेत. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः घालून पाहावें.

नातवानें चलानें उघडलीं तों प्रकरणाचें रूपच पालटलें. पहिलें चलान शिरस्त्राण न घातल्याचें. छायाचित्रांत एक स्कूटर, आणि तिच्या क्रमांकांतील एक अंक निराळा! दुसरें, मनाई असलेल्या जागीं मोटार उभी केल्याचें. धाकटे चिरंजीव किंचित् ओशाळून म्हणाले, "पाहुण्यांना घ्यावयास स्टेशनासमोर थांबलों होतों, तें असेल." तिसरें, द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचें. त्या दिवशीं मोटार खुद्द नातवाच्या हातीं होती.

पहिल्या चलानाची एक दमडीही भरणें आम्हांस मान्य नाहीं. रक्कम अल्प, वकिलाची फी तिच्याहून अधिक, म्हणून पुष्कळ सुज्ञ लोकही असला खोटा दंड भरून मोकळे होतात. परंतु शिरस्त्राणाच्या अपराधास कलम १९४ घ अन्वये १,००० रुपये दंडाबरोबर परवान्याची तीन महिन्यांची अपात्रताही सांगितली आहे. न केलेला अपराध आपल्या खातीं लिहूं देणें हें औदार्य नव्हे, आळस होय. येथें वकिलाची गरजही नसते. पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, आपल्या वाहनाचें छायाचित्र व नोंदणीपत्राची प्रत जोडावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. आपलाच क्रमांक दुसऱ्या कोणीं गाडीवर रंगविल्याचा संशय आल्यास पोलीस ठाण्यांत लेखी फिर्याद द्यावी. उद्यां त्या गाडीनें अपघात केला तर हाच कागद उपयोगीं पडेल.

तक्रार फेटाळली गेली तरी शेवटचा शब्द न्यायालयाचाच. समन्स आल्यास घाबरूं नये. २०८ व्या कलमाप्रमाणें किरकोळ अपराधांत आरोपीनें स्वतः किंवा वकिलामार्फत हजर व्हावें, अथवा गुन्हा कबूल करून दंड धाडून द्यावा, अशी सोय असते. हा दंड मनिऑर्डरनें धाडावा, असे शब्द त्या कलमांत आजही आहेत. प्रकरण आभासी न्यायालयांत असल्यास तेथें दंड भरणें किंवा आरोप अमान्य करणें असे दोन मार्ग दिसतात. अमान्य केल्यास तें नेहमींच्या न्यायालयाकडे जातें. तेथें अपराध शाबीत करण्याचा भार सरकारपक्षावर असतो. छायाचित्र स्पष्ट आहे काय, वेग मोजणाऱ्या यंत्राचें मान्यतेचें प्रमाणपत्र आहे काय, इलेक्ट्रॉनिक पुराव्यास लागणारें प्रमाणपत्र, जें आतां भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, याच्या ६३ व्या कलमाप्रमाणें द्यावें लागतें, तें जोडलें आहे काय, हें विचारण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे. कॅमेऱ्यानें टिपलेल्या अपराधाची सूचना पंधरा दिवसांत धाडावी, असें २०२१ सालीं घातलेल्या नियम १६७ क मध्यें सांगितलें होतें. हे नियम वरचेवर सुधारले जातात. यास्तव आपल्या चलानाच्या तारखेस कोणती मुदत लागू होती तें आधीं पाहावें.

मुदतीवरून आतां तिसऱ्या चलानाकडे येऊं. २०९ व्या कलमाप्रमाणें, अतिवेगाच्या किंवा धोकादायक रीतीनें वाहन चालविण्याच्या आरोपांत जागच्या जागीं ताकीद, चौदा दिवसांत नोटीस, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स, यांपैकीं कांहींच झालें नसल्यास, थोडे अपवाद सोडून, आरोपीस दोषी ठरवितां येत नाहीं. नातवानें तारखा ताडून पाहिल्या. पहिला संदेशच पांच आठवड्यांनीं आलेला. तो हर्षानें म्हणाला, "आजोबा, सुटलों !"

आजोबांनीं विचारलें, "अरे, पण तूं वेगानें गेला होतास कीं नाहीं ?"

"गेलों होतों."

"मग मुदतीचा नियम ज्याला त्या दिवशींचें कांहीं आठवत नाहीं, त्याच्या रक्षणासाठीं आहे. तुला तर सर्व आठवतें आहे."

यावर कोणी कायदेपंडित म्हणेल कीं आरोपीनें आपल्याविरुद्ध बोलण्याचें कारण नाहीं. सरकारनें मुदत पाळलीच पाहिजे. तेंही खरें आहे, आणि न्यायालयांत तो बचाव घेणाऱ्यास आम्ही दोष देणार नाहीं. परंतु कोर्टांतील निर्दोषता आणि घरांतील निर्दोषता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अतिवेगाचा आरोप वस्तुतः चालविणाऱ्यावर असतो. तथापि कागद येतो तो मालकाच्या नांवें. पोलिसांनीं विचारल्यास चालक कोण होता हें सांगणें १३३ व्या कलमानें मालकावर बंधनकारक आहे. एकत्र कुटुंबांत याचा अर्थ असा कीं, ज्यानें चूक केली त्यानें पुढें होऊन सांगितलें नाहीं, तर वडीलधाऱ्यांस आपल्याच नातवाचें नांव पोलिसांस द्यावें लागेल, किंवा खोटें बोलावें लागेल. कोणत्याही दंडापेक्षां ही शिक्षा जड आहे.

‘कोणी भरत नाहीं’ या मताविषयीं दोन शब्द. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या अपराधाची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयानें घेऊं नये, असें भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, हिचें ५१४ वें कलम सांगतें. परंतु विलंबाचें कारण पटल्यास न्यायालय ती मुदत माफही करूं शकतें. तेव्हां स्वस्थ बसणें म्हणजे हरकत घेणें नव्हे. लोकअदालतींत रक्कम कमी होण्याचा संभव असतो हें खरें. पण तेथें पुरावा तपासला जात नाहीं, केवळ समेट होतो, आणि त्या निवाड्यावर अपील नाहीं. अपराध मान्य असलेल्यास तो मार्ग बरा. अमान्य असलेल्यास नव्हे.

ज्या घरीं सोळा-सतरा वर्षांचीं मुलें आहेत त्यांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. २०१९ च्या दुरुस्तीनें आलेल्या १९९ क कलमाप्रमाणें अल्पवयीन मुलानें वाहन चालवून अपराध केल्यास पालक अथवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाहीं. येथें शाबितीचा भारही उलटतो : आपणांस ठाऊक नव्हतें, किंवा आपण सर्व काळजी घेतली होती, हें पालकानेंच सिद्ध करावयाचें. किल्ली उघड्या खुंटीवर ठेवणाऱ्यास तें साधणें कठीण.

त्या घरीं पुढें काय झालें ? धाकट्या चिरंजीवांनीं आणि नातवानें आपापलें चलान स्वतःच्या पैशांनीं भरलें. पहिल्याविषयीं तक्रार गेली आणि कांहीं आठवड्यांनीं तें रद्द झालें. आजोबांनीं मात्र मोटारीच्या किल्लीशेजारीं एक साधी वही टांगली आहे. मोटार नेणाऱ्यानें तारीख, वेळ व आपलें नांव तींत लिहावयाचें. प्रत्येक घरीं अशी वही असावी, असें आम्हांस वाटतें. पुढचें चलान आलें तर तें भरावें कीं भांडावें, याचें निम्में उत्तर त्या वहींतच मिळेल.